न बांधलेल्या नौकेचा हिशेब

बॅटलक्रूझर हा युद्धनौकेचा प्रकार लढाईच्या मैदानात जेमतेम चाळीस वर्षे टिकला. बॅटलशिपच्या तोफा, क्रूझरचा वेग, आणि ही दोन्ही एका धडात बसावीत म्हणून पातळ केलेले चिलखत, असा त्याचा घाट होता. ब्रिटिश आरमाराचे प्रमुख ॲडमिरल जॉन फिशर यांच्या आग्रहातून असा पहिला आराखडा तयार झाला आणि २ एप्रिल १९०६ रोजी न्यूकॅसलजवळच्या एल्सविक गोदीत ‘इन्व्हिन्सिबल’ची बांधणी सुरू झाली. दहा वर्षांनी, ३१ मे १९१६ रोजी, जर्मन आरमाराशी झालेल्या जटलंडच्या लढाईत ती एका स्फोटात दुभंगली. १,०२६ जण गेले, सहा वाचले. ‘इंडिफॅटिगेबल’ आणि ‘क्वीन मेरी’ या तिच्या जातीच्या दोन नौका त्याच दिवशी तशाच स्फोटांत बुडाल्या होत्या. तेव्हापासून आरमारी इतिहासाचे अभ्यासक आणि हौशी आराखडेकार एक प्रश्न सोडवत बसले आहेत. त्या काळचे पोलाद, बॉयलर, तोफा, गोद्या आणि पैसा तेवढाच धरून याहून बरी बॅटलक्रूझर आखता आली असती का?

प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो, पण त्याच्या पोटात एक जुना तात्त्विक पेच आहे. जी नौका कधी पाण्यात उतरलीच नाही, ती ‘बुडाली नसती’ हे विधान खरे की खोटे, हे कशावरून ठरवायचे? दाखवायला नौका नाही, तिच्या नोंदवह्या नाहीत, तिच्यावरचा खलाशी नाही. आणि असे विधान टाळावे म्हटले तरी टाळता येत नाही, कारण दोषारोप त्याच्याच आधाराने उभा राहतो. जटलंडच्या मृत्यूंचा दोष आराखड्याच्या माथी मारायचा, तर दुसरा आराखडा शक्य होता आणि त्याने माणसे वाचली असती, इतके तरी गृहीत धरावे लागते. म्हणजे खऱ्या नौकेवरचा आरोप शाबीत करायला एका काल्पनिक नौकेला साक्षीला बोलवावे लागते. तिची साक्ष कितपत ग्राह्य धरायची, हा खरा वाद आहे.

तसे पाहिले तर प्रत्येक नौका आधी काल्पनिकच असते. इटालियन नौकारचनाकार व्हित्तोरिओ कुनिबेर्ती यांनी १९०३ मध्ये फ्रेड जेन यांच्या युद्धनौकांच्या वार्षिक ग्रंथात ब्रिटिश आरमारासाठी एक आदर्श बॅटलशिप कागदावर मांडली. १७,००० टन वजन, १२ इंची बारा तोफा, १२ इंच जाडीचे चिलखत आणि २४ नॉट वेग. तीन वर्षांच्या आत ब्रिटिशांची ‘ड्रेडनॉट’ ही बॅटलशिप पाण्यात उतरली. तिचे वजन कुनिबेर्तींच्या नौकेपेक्षा थोडे जास्तच भरले, पण तोफा दहा, कुशीवरच्या चिलखताचा पट्टा ११ इंच आणि वेग २१ नॉट. दोन तोफा, एक इंच पोलाद आणि तीन नॉट कुठे गेले? ते कुठे गेले नाहीत. ते १७,००० टनांत कधी मावणारच नव्हते.

सशाचे शिंग या जुन्या उदाहरणाने नैयायिकांनी नेमकी हीच गोष्ट सांगितली आहे. ससा खरा आहे, शिंगही खरे आहे. नाही तो त्या दोघांचा संबंध. त्यामुळे ‘सशाचे शिंग नाही’ या वाक्यात शशशृंग नावाच्या एखाद्या गूढ वस्तूचा निषेध होत नाही, सशाच्या डोक्यावर शिंग नसण्याचे कथन होते. कुनिबेर्तींच्या नौकेतली प्रत्येक गोष्ट सुटी सुटी पाहिली तर त्या काळी शक्य होती. तसल्या तोफा ओतल्या जात होत्या, तसले पोलाद लाटले जात होते. अशक्य होते ते या सगळ्यांचे एकत्र असणे. जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिट्स यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस हाच भेद ईश्वराच्या संदर्भात मांडला. स्वतःपुरत्या शक्य असलेल्या सगळ्या गोष्टी एकमेकींसोबत शक्य असतातच असे नाही, आणि म्हणून सर्वशक्तिमान ईश्वरालाही विश्व निर्माण करताना निवड करावी लागते. त्यांनी रंगवलेला ईश्वर हा एका अर्थी सगळ्यांत मोठा आराखडेकार होता. फरक इतकाच, की त्याला अंदाजपत्रक संसदेत मंजूर करून घ्यायचे नव्हते.

अशक्य आणि नुसते न घडलेले यांत मात्र अंतर आहे, आणि त्यासाठी वैशेषिकांची अभावाची विभागणी कामाला येते. मडके घडण्यापूर्वी मातीत त्याचा जो अभाव असतो तो प्रागभाव. त्याला सुरुवात नाही, पण मडके होताच तो संपतो. तिन्ही काळांत नसणे हा अत्यंताभाव. चार ब्रिटिश नौकांच्या ‘जी-३’ नावाच्या आराखड्यावर हा भेद लावून पाहिला की त्यातली अडचण लक्षात येते. १६ इंची नऊ तोफा, १४ इंचांचा पट्टा आणि अठ्ठेचाळीस हजार टनांहून अधिक वजन असलेल्या या बॅटलक्रूझरची कंत्राटे ऑक्टोबर १९२१ मध्ये चार कारखान्यांना दिली गेली. त्यानंतर महिनाभरातच वॉशिंग्टनच्या नि:शस्त्रीकरण परिषदेपायी काम थांबवण्याचा आदेश निघाला आणि १९२२ च्या फेब्रुवारीत ती कायमची रद्द झाली. (काम थांबले त्याच आठवड्यात ‘रिनाउन’ ही जातिवंत बॅटलक्रूझर प्रिन्स ऑफ वेल्सला घेऊन मुंबई बंदरात आली होती. शहरात त्या दिवशी बहिष्कार, होळ्या आणि दंगल असल्याने नौकेच्या चिलखताकडे पाहायला फारसे कोणी मोकळे नव्हते.) कारखान्यातल्या मुकादमाला ऑक्टोबरात या नौका ‘होणार’ होत्या, म्हणजे त्यांचा प्रागभाव होता. पण प्रागभाव म्हणजे जो पुढे वस्तूच्या जन्माने संपतो तो. हा संपलाच नाही. मग तो प्रागभाव होता असे तरी कसे म्हणायचे? एखादी नौका ‘अजून नाही’ की ‘कधीच नाही’, हे त्या क्षणी कोणालाही सांगता येत नाही. ते मागाहून ठरते.

जपानच्या ‘अमागी’ची तऱ्हा याहून चमत्कारिक आहे. बॅटलक्रूझर म्हणून तिचे धड अर्धवट बांधून झाले, वॉशिंग्टन करारानंतर त्याची विमानवाहू नौका करायचे ठरले, आणि १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपाने ते धड गोदीतच निकामी केले. तिची बहीण ‘अकागी’ विमानवाहू म्हणून पुरी झाली. कार्य कारणात आधीपासूनच सुप्त असते, या सांख्यांच्या सिद्धान्ताला अशा ठिकाणी उत्तर देणे जड जाते. एकाच पोलादात बॅटलक्रूझरही सुप्त होती, विमानवाहू नौकाही होती, आणि भंगारही.

न घडलेल्या गोष्टीचा विचार कोणत्या प्रकारचे ज्ञान आहे, याचे सगळ्यांत सडेतोड उत्तर अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रह’ या न्यायग्रंथात सापडते. ‘आग नसती तर धूरही नसता’ अशा धाटणीच्या विचाराला तिथे तर्क म्हटले आहे आणि त्याची गणना संशय व भ्रम यांच्या पंगतीत, म्हणजे अयथार्थ अनुभवांत केली आहे. वाचणारा क्षणभर थबकतो, कारण तर्क म्हणजे शहाणपण अशी आपली सवय. पण वर्गीकरण अचूक आहे. डोंगरावर आग आहे हे ठाऊक असताना ‘आग नाही असे समजू’ म्हणणे म्हणजे जाणूनबुजून खोटे धरून चालणे. नव्यनैयायिक अशा ज्ञानाला आहार्य म्हणतात. उलट पुरावा समोर असूनही इच्छेने केलेला आरोप असा त्याचा अर्थ. मग त्याचा उपयोग काय? तर्क स्वतः प्रमाण नाही, तो प्रमाणाचा मदतनीस आहे. तो नवे काही दाखवत नाही, शंका तेवढी दूर करतो. आणि हे काम तो करू शकतो ते एकाच अटीवर. आग आणि धूर यांची व्याप्ती, म्हणजे एकाबरोबर दुसरे येणारच हा नियम, आधीच पक्का ठाऊक हवा. व्याप्तीच माहीत नसेल तर ‘असते तर’ या शब्दांमागे वाटेल ते जोडता येते.

काल्पनिक बॅटलक्रूझर हा असा आहार्य आरोप आहे. तिची साक्ष ग्राह्य ठरायची तर तिच्याही गळ्यात खऱ्या नौकेच्या गळ्यातले सगळे नियम अडकवावे लागतात. त्यांतला पहिला आर्किमिडीजचा. नौका जितके पाणी बाजूला सारते तितकेच तिचे वजन असते, म्हणून धड, यंत्रे, चिलखत, तोफा, कोळसा आणि माणसे यांची बेरीज ठरलेल्या आकड्याबाहेर जाऊ शकत नाही. दुसरा नियम वेगाचा. इंग्लंडातले अभियंता विल्यम फ्रूड यांनी १८७० च्या दशकात टॉर्कीच्या हौदात मेणाच्या प्रतिकृती ओढून पाण्याचा विरोध मोजण्याचे शास्त्र बसवले, तेव्हापासून हा नियम अंदाजाचा राहिला नाही. लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाने वाढते.

हिशेब प्रत्यक्ष मांडला की नियमाची पकड जाणवते. ‘ड्रेडनॉट’ला २१ नॉटसाठी २३,००० अश्वशक्ती लागत होती. ‘इन्व्हिन्सिबल’ला साडेपंचवीस नॉट हवे होते. साडेपंचवीसला एकवीसने भागून घन केला तर १.७९ येतात, आणि त्याने २३,००० ला गुणले की ४१,००० च्या थोडे वर. ‘इन्व्हिन्सिबल’च्या पार्सन्स टर्बाइनची आखलेली शक्ती ४१,०००च होती. पाणी कापणे सोपे जावे म्हणून तिची लांबीही ५२७ फुटांवरून ५६७ फुटांवर न्यावी लागली. साडेचार नॉटांसाठी जवळपास दुप्पट यंत्रे, एकतीस बॉयलर आणि ते सगळे मावेल असे लांब धड; ते वजन कुठून तरी काढायचे होते. दोन तोफा गेल्या आणि चिलखती पट्टा ११ इंचांवरून ६ इंचांवर आला.

आता काल्पनिक नौका. तोफा आठच, वेग तोच, पट्टा मात्र १० इंचांचा. इंग्रजी मापांत चिलखताचा हिशेब सोपा असतो, कारण एक चौरस फुटाचा एक इंच जाड पत्रा सुमारे ४० पौंड भरतो. नौकेच्या मधल्या ३०० फुटांत, ११ फूट उंचीचा पट्टा दोन्ही कुशींना धरला तर क्षेत्र ६,६०० चौरस फूट झाले. चार इंच जादा म्हणजे दर चौरस फुटाला १६० पौंड. सगळे मिळून साडेदहा लाख पौंडांच्या वर, म्हणजे सुमारे ४७० टन. हा नुसता पट्टा. तोफांचे टरेट आणि त्यांच्या खालून कोठारापर्यंत उतरणाऱ्या गोल चिलखती विहिरी त्याच मानाने जाड केल्या की हजार टन सहज होतात.

हजार टन म्हणजे सतरा हजारांत किती, असे वाटू शकते. पण एवढ्या नौकेला एक इंच खोल बुडवायला साधारण ७० टन पुरतात. हजार टनांनी ती १४ इंच खाली बसेल, आणि कुशीचा पट्टाही तिच्याबरोबर १४ इंच खाली जाईल. जे चिलखत जाड केले त्याचा वरचा फूटभर भाग आता पाण्याखाली. गोळा जिथे लागायचा ती जागा उघडी. हे नको असेल तर धड रुंद आणि लांब करा. लांब धडाला जास्त पोलाद, जास्त वजनाला जास्त शक्ती, जास्त शक्तीला जास्त बॉयलर, त्या बॉयलरांच्या दालनांना झाकायला लांब पट्टा, आणि हिशेब पुन्हा पहिल्या ओळीवर. हे चक्र कुठे तरी थांबते, कारण प्रत्येक फेरीतली वाढ आधीच्या फेरीहून कमी असते. वीस हजार टनांच्या आसपास ते थांबेल, असा अंदाज बांधता येतो.

हा अंदाज हवेतला नाही, कारण त्याच्या अगदी शेजारी एक खरी नौका उभी आहे. हॅम्बुर्गच्या ब्लोम उंड फॉस कारखान्यात १९०८ मध्ये सुरू झालेली जर्मनीची ‘फॉन डेर टान’. पट्टा २५० मिलिमीटर, म्हणजे जवळपास १० इंच. वजन १९,००० टनांहून जास्त. चाचणीत सत्तावीस नॉटांच्या पुढे वेग. तिने चिलखताची किंमत काही प्रमाणात तोफांत मोजली होती. तिचा २८ सेंटिमीटरचा गोळा ३०२ किलोंचा, ‘इन्व्हिन्सिबल’चा १२ इंची गोळा ३८६ किलोंचा. याच ‘फॉन डेर टान’ने जटलंडला ‘इंडिफॅटिगेबल’ बुडवली. तेव्हा दहा इंची बॅटलक्रूझर ही सशाचे शिंग नव्हे, हे निश्चित.

पण ती फुकट नव्हती. ‘इन्व्हिन्सिबल’, ‘इन्फ्लेक्सिबल’ आणि ‘इंडॉमिटेबल’ या तिघी एकाच वर्षीच्या तरतुदीतून झाल्या. त्याच टनांत वीस हजारी नौका अडीच झाल्या असत्या, आणि अर्धी नौका तरंगत नाही. तिसरी नौका नसती, तर ८ डिसेंबर १९१४ रोजी फॉकलंड बेटांपाशी काय झाले असते, हा प्रश्नही त्याच हिशेबात धरावा लागतो. त्या दिवशी ‘इन्व्हिन्सिबल’ आणि ‘इन्फ्लेक्सिबल’ यांनी जर्मन ॲडमिरल फॉन श्पे यांच्या चिलखती क्रूझर गाठून बुडवल्या. वेगाने गाठायचे आणि मोठ्या तोफांनी दुरून मारायचे; फिशर यांनी जे काम डोळ्यांसमोर ठेवले होते ते त्या नौकांनी चोख केले. एकच नौका मोकळी असती तर ती पाठवली असती की उत्तर समुद्रातच ठेवली असती, ते सांगता येत नाही. काल्पनिक नौकेचा पुरस्कर्ता बहुधा जटलंडचा दिवस तेवढा मोजतो आणि फॉकलंडचा सोडून देतो. हा हिशेब एकतर्फी आहे.

जटलंडच्या दिवसाकडे वळले तरी दहा इंची पट्टा अडचणीत येतो. ‘इन्व्हिन्सिबल’ पट्टा फुटून बुडाली नाही. गोळा लागला तो नौकेच्या मध्यावरच्या क्यू टरेटला. टरेटमध्ये पेटलेला जाळ खालच्या दारूकोठारात पोहोचला आणि नौका मधोमध फुटली. ‘क्वीन मेरी’चा पट्टा नऊ इंचांचा होता, तीही कोठारांच्या स्फोटानेच गेली. म्हणजे ‘चिलखत जाड असते तर’ एवढे म्हणून भागत नाही. कुठले, कुठे, किती, आणि त्या जागी लागलेला गोळा त्याने अडला असता का, हे सांगावे लागते. मोघम काल्पनिक नौका कोणत्याच आरोपाला उपयोगी पडत नाही.

इथे आणखी एक काल्पनिक नौका पुढे येते, आणि ती पहिलीपेक्षा अडचणीची आहे. हिचे वजन ‘इन्व्हिन्सिबल’इतकेच, पट्टा सहाच इंचांचा, एक खिळादेखील वेगळा नाही. फक्त तिच्यावर कोठाराची दारे बंद आहेत.

ब्रिटिश तोफांची दारू, म्हणजे कॉर्डाईट, रेशमी पिशव्यांत भरलेली असे आणि पेट घ्यावा म्हणून पिशवीच्या टोकाला काळ्या दारूची थैली शिवलेली असे. नियमाप्रमाणे या पिशव्या लागतील तशा डब्यांतून काढायच्या, कोठाराचे दार मिटलेले ठेवायचे, जाळ खाली उतरणार नाही अशा झडपा सांभाळायच्या. प्रत्यक्षात अनेक नौकांवर पिशव्या आधीच काढून रचल्या जात आणि दारे उघडी राहत. हा आळस नव्हता. जानेवारी १९१५ मध्ये डॉगर बँकच्या लढाईनंतर ॲडमिरल डेव्हिड बीटी यांच्या बॅटलक्रूझरांच्या ताफ्यात जलद माऱ्यावर भर होता, आणि दार उघडझाक करण्यात सेकंद जात होते. जाळ कोठारापर्यंत नेणारी वाट अशी माणसांनीच मोकळी करून ठेवली होती.

याला सबळ पुरावा म्हणजे बीटी यांची स्वतःची नौका ‘लायन’. तिच्यावर १९१५ मध्ये आलेल्या अलेक्झांडर ग्रँट या मुख्य गनरने कोठाराची शिस्त पुन्हा बसवली. लागेल तेवढाच कॉर्डाईट बाहेर, बाकीच्या डब्यांना झाकणे, दार शक्य तितके बंद. जटलंडला ‘लायन’च्याही क्यू टरेटला गोळा लागला, छप्पर उडाले, आतली जवळपास सगळी माणसे गेली. मेजर फ्रान्सिस हार्वी यांनी मरता मरता कोठारात पाणी सोडण्याचा हुकूम दिला. थोड्या वेळाने टरेटमधल्या उरलेल्या पिशव्यांनी पेट घेतला आणि जाळ खाली गेला, पण कोठार बंद होते. नौका वाचली. ‘लायन’ आणि ‘क्वीन मेरी’ यांच्या चिलखतात सांगण्यासारखा फरक नव्हता. ग्रँट यांची नौका कल्पनेतली नव्हती. ती त्याच दिवशी, त्याच रांगेत, ‘क्वीन मेरी’च्या पुढे चालली होती.

एवढ्यावरून आराखडा निर्दोष आणि खलाशी दोषी, असा निकाल काही लेखक देऊन टाकतात. तो घाईचा आहे. डॉगर बँकला जर्मन ‘झाय्डलिट्स’चे मागचे दोन्ही टरेट जळून गेले, दीडशेहून अधिक माणसे मेली, म्हणजे तिथली शिस्तही काही आदर्श नव्हती. तरी नौका फुटली नाही. जर्मन दारूचा मोठा भाग पितळी नळकांड्यांत असे आणि ती दारू पेटली तरी स्फोट न होता जळून जाण्याकडे तिचा कल होता. मग ब्रिटिश कॉर्डाईटची जात हाही आराखड्याचाच भाग मानायचा की नाही? शिवाय बंद दारांची नौका वजनाने फुकट असली तरी वेळेने फुकट नाही. तिचा मारा मंद झाला असता. तिने शत्रूला लावलेले गोळे कमी भरले असते. आणि लढाईच्या पहिल्या मिनिटांत कमी गोळे लागणे म्हणजे समोरून जास्त गोळे खाणे. ‘लायन’च्या माऱ्यावर याचा किती परिणाम झाला हे वेगळे काढून दाखवता येत नाही. टनांत नसली तरी सेकंदांत किंमत मोजावीच लागते.

दोषाची वाटणी करताना गीतेच्या अठराव्या अध्यायातली कर्माच्या पाच कारणांची मांडणी आधुनिक चौकशी समित्यांपेक्षा नेमकी ठरते. अधिष्ठान, कर्ता, करणे, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. पातळ चिलखताचे धड हे अधिष्ठान. कॉर्डाईट, झडपा आणि टरेट ही करणे. दार उघडे ठेवणे ही चेष्टा. आणि हजारो यार्डांवरून सुटलेला गोळा नेमका क्यू टरेटलाच लागणे, हे दैव नाही तर काय? पाचांतले एक काढून घेतले तर कर्म होत नाही. तेव्हा प्रत्येकाबद्दल ‘हे नसते तर’ असे म्हणता येते आणि प्रत्येक वेळी ते खरे असते. म्हणून काल्पनिक नौकेची साक्ष एकट्या आराखड्याला दोषी ठरवू शकत नाही. आराखडा कारणांपैकी एक होता, एवढेच ती सांगते. त्या पाचांतला एकटा कर्ताच ज्याला सर्व कारण दिसतो त्याची दृष्टी अपुरी, असा गीतेचा रोख आहे.

मग कर्त्याकडे काय उरते? लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’त, जे डॉगर बँकच्याच वर्षी, १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले, कर्माची नीतिमत्ता बाह्य फळावरून नव्हे तर कर्त्याच्या बुद्धीवरून ठरते असे प्रतिपादन आहे. हे माप फिशर यांना लावले तर त्यांची सुटका होत नाही आणि त्यांना फाशीही होत नाही. वेग हेच चिलखत, ही त्यांची भूमिका प्रामाणिक होती आणि क्रूझरच्या पाठलागापुरती बरोबरही होती. पण १२ इंची तोफा असलेल्या नौकेला कोणताही सेनापती मोठ्या लढाईत आघाडीला उभी करणार, हे ओळखायला दिव्यदृष्टी लागत नव्हती. शत्रूही तशीच नौका बांधणार, हेही उघड होते. ‘इन्व्हिन्सिबल’ पुरी होत होती तेव्हा ‘फॉन डेर टान’ सुरू झाली होती. बुद्धी तपासायची ती इथे. आपल्या वस्तूचा उपयोग आपण सांगितला तसाच होईल असे धरून चालणे ही आराखडेकाराची नेहमीची सोय असते, आणि त्या सोयीची किंमत वेगळीच माणसे देतात. बॉयलरपाशी कोळसा ओढणाऱ्याला चार इंच पोलाद हवे की चार नॉट वेग, हे कोणी विचारले नव्हते.

आज कोणी फावल्या वेळात १९०६ ची बॅटलक्रूझर कागदावर आखतो, तेव्हा तो हिंसेत भागीदार होतो का, असाही प्रश्न धर्मविचारात निघतो. जैन परंपरेत यशोधर राजाची कथा प्रसिद्ध आहे. सोमदेवसूरींनी इसवी सन ९५९ मध्ये ती ‘यशस्तिलक’ चंपूत विस्ताराने सांगितली. आईच्या आग्रहाखातर राजा जिवंत प्राण्याऐवजी पिठाचा कोंबडा देवीला बळी देतो, आणि तेवढ्यासाठी मायलेकांना पुढचे कित्येक जन्म पशुयोनीत भोगावे लागतात. कोंबडा पिठाचा होता, पण मारण्याचा संकल्प खरा होता. भावहिंसेचा हा निकष कडक असला तरी तो हौशी आराखडेकाराला पकडत नाही, कारण त्याच्या आरोपामागे नौका व्हावी अशी इच्छाच नसते. व्हायची ती नौका शंभर वर्षांपूर्वीच राहून गेली. १९०५ मध्ये फिलिप वॉट्स यांच्या आरमारी कचेरीतल्या मेजावर तीच रेघ मारली जात होती तेव्हा मात्र ती संकल्प होती. कागद तोच, रेघ तीच, कर्म निराळे. फिशर यांनीच १९१५ च्या सुमारास सुचवलेली ‘इन्कंपेरेबल’ या दोहोंच्या मध्ये कुठे तरी बसते. २० इंची सहा तोफा, ३५ नॉट वेग आणि हजार फूट लांबी असलेली ही नौका बांधायचा संकल्प त्यांच्या मनात होता. तसली तोफ तेव्हा कोणाकडेही नव्हती.

काल्पनिक नौकांच्या विधानांना म्हणूनच एकच तराजू लावता येत नाही. शेजारी खरी नौका उभी असेल, जशी दहा इंची ‘इन्व्हिन्सिबल’शेजारी ‘फॉन डेर टान’, तर व्याप्ती पक्की असते आणि तर्क कामाचा असतो. ‘लायन’सारखा त्याच दिवसाचा दाखला असेल तर तो त्याहून मजबूत. ‘इन्कंपेरेबल’च्या बाबतीत तोफेपासून सगळेच गृहीत, तिथे ‘तिने लढाई जिंकली असती’ किंवा ‘ती मोडून पडली असती’ ही दोन्ही विधाने सारखीच निराधार.

सगळ्यांत अवघड प्रकरण ब्रिटिश बॅटलक्रूझर ‘हूड’चे आहे. जटलंडनंतर तिचा आराखडा बदलून चिलखत वाढवले गेले, म्हणजे टीकाकारांची काल्पनिक नौका एका परीने खरी झाली. २४ मे १९४१ रोजी डेन्मार्क सामुद्रधुनीत जर्मन बॅटलशिप ‘बिस्मार्क’च्या गोळ्यांनी तिच्या मागच्या कोठारांचा स्फोट झाला, १,४१५ जण बुडाले, तिघे वाचले. त्यानंतर लगेच नवी काल्पनिक नौका उभी राहिली. ‘हूड’ची मोठी दुरुस्ती व्हायची होती, डेकचे चिलखत वाढायचे होते, युद्ध सुरू झाल्याने ती राहून गेली. ती झाली असती तर? या प्रश्नाचे उत्तर गोळा कुठून शिरला यावर अवलंबून आहे. डेकमधून शिरला असेल तर दुरुस्तीने कदाचित वाचवले असते. कुशीकडून शिरला असेल तर बहुधा नाही. १९४१ मध्ये दोन चौकशा झाल्या, २००१ मध्ये समुद्रतळाशी अवशेषही सापडले, पण जिथे गोळा शिरला तो भाग स्फोटात उरलेला नाही. दुरुस्त झालेल्या ‘हूड’ची साक्ष नोंदवायची तर आधी खऱ्या ‘हूड’ची साक्ष पुरी व्हायला हवी, आणि ती अजून अपुरी आहे.